गाडी चालू होईना? पंधरावी किक मारण्याआधी प्लग काढा

जुलैची झड लागलेली, गाडी रात्रभर गल्लीत भिजत उभी, आणि सकाळी किक मारली तर नुसताच फस्स आवाज. कोल्हापुरात पावसाळाभर हे घरोघरी चालतं. मग किकवर किक सुरू होते. चोक ओढून मारायची, चोक ढकलून मारायची, शेवटी शेजाऱ्याला मागून ढकलायला लावायचं. प्रत्येक किकेला सिलिंडरमध्ये न जळालेलं पेट्रोल साचत जातं, प्लग आणखी भिजतो आणि बटनाची गाडी असेल तर बॅटरीही बसते. सकाळी एकच बिघाड होता, अर्ध्या तासात त्याचे तीन झाले.

इंजिनला तीनच गोष्टी लागतात: वेळेवर करंट, हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. यातली कुठली नाही हे ओळखायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे प्लग. तो बाहेर काढला की पुढं कुठल्या बाजूला जायचं ते पाच मिनिटांत कळतं. म्हणून पाच-सहा किकांत गाडी लागली नाही तर थांबा आणि खालच्या क्रमानं बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी लागली, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो.

हत्यारं फार लागत नाहीत. गाडीच्या टूलकिटमधला प्लगपाना, 8 आणि 10 चे पाने, चपटा आणि फुली स्क्रूड्रायव्हर, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, सुकं फडकं. नवा प्लग कायम डिकीत असावा, आपल्याच गाडीच्या नंबरचा. साधा मल्टिमीटर असेल तर निम्मं काम अंदाजाऐवजी आकड्यांवर होतं.

आधी एक मिनिट स्विचला

उजव्या हाताचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचा स्विच बघा. गाडी पुसताना, रेनकोट काढताना किंवा लहान मुलाच्या हातून तो बंद होतो. मग साइड स्टँड. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन लागतच नाही किंवा गिअर टाकला की बंद पडतं. स्टँडच्या स्विचवर चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. पाणी मारून, दोन-चार वेळा स्टँड वर-खाली करून बघा. गाडी न्यूट्रलला आहे ना आणि हिरवा दिवा लागतोय ना, हेही बघा. न्यूट्रलला सेल्फ लागतो पण गिअरमध्ये क्लच दाबून लागत नसेल, तर क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच गेलाय.

टाकीचं झाकण उघडून आत डोळ्यांनी बघा, काट्यावर विसंबू नका. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला करा. झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. महिनोन् महिने शेडात उभ्या राहिलेल्या गाडीच्या अशा बारीक छिद्रांत आणि नळ्यांत कुंभारीण माशी चिखल भरून ठेवते. झाकण, ओव्हरफ्लोची नळी आणि सायलेन्सरचं तोंड तिच्यासाठी जरूर तपासा.

बटन दाबलं आणि नुसती टकटक

सेल्फ दाबल्यावर सीटखालून टकटक आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, म्हणजे रिले काम करतोय पण बॅटरीत दम नाही, किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. हॉर्न वाजवून बघा. आवाज घोगरा निघाला तर बॅटरी बसलीय. हेडलाइटवरून मात्र बॅटरी ठरवू नका. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून करंट तयार करणाऱ्या चक्राच्या, करंटवर चालतो आणि इंजिन बंद असताना लागतच नाही.

मल्टिमीटर लावला तर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते. 12 च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. सेल्फ दाबलेला असताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर चार्जिंगनंतर हीच चाचणी परत घ्या. परत कोसळला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाणी ओतून धुवा, सुकवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट करा आणि वरून थोडं ग्रीस लावा. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर फ्यूज. तो बॅटरीजवळच असतो आणि बहुतेक डबीत एक जादा ठेवलेला असतो. तेवढ्याच अँपिअरचा घाला. फ्यूजच्या जागी तार कधीच गुंडाळू नका. पुढच्या वेळी शॉर्ट झालं की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, तेही पेट्रोलच्या टाकीखाली. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठंतरी वायर सोलून चॅसीला लागलीय. हँडलच्या वळणावर आणि सीटखाली शोधा. गोठ्याशेजारी गाडी लावत असाल तर उंदरानं कुरतडलेली वायरही बघा.

सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक डबी. किकच्या जुन्या गाड्यांपैकी ज्यांत एसी सीडीआय, म्हणजे थेट मॅग्नेटच्या करंटवर चालणारी आहे, त्या मेलेल्या बॅटरीवरही लागतात. डीसी सीडीआय आणि इंजेक्शनच्या गाड्यांना मात्र करंटसाठी बॅटरीच लागते. ती पूर्ण मेली असेल तर ढकलत रंकाळ्याला फेरी मारली तरी उपयोग नाही.

आता प्लग

प्लगच्या भोवतीच्या खळग्यात माती आणि पाणी साचलेलं असतं. टोपी काढली की आधी ते फुंकून, पुसून घ्या, नाहीतर प्लग निघताच कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडतो. मग प्लग काढून उजेडात धरा.

पेट्रोलनं ओला आणि वास मारतोय: पेट्रोल येतंय, करंट नाही किंवा फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त साचलंय. ठणठणीत कोरडा: पेट्रोलच पोचत नाही. काळी सुकी काजळी: पेट्रोल जास्त, हवा कमी, चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर भरला असेल. काळा आणि तेलकट: तेल वर येतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. टोकावर पाण्याचे थेंब: पेट्रोलमध्ये पाणी. विटकरी-कॉफी रंग असेल तर जळण बरोबर चाललं होतं, दोष दुसरीकडं आहे.

करंट बघताना प्लग टोपीत बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लग मोकळ्या छिद्रापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. छिद्रावर फडकं टाका. हातात फक्त टोपीचं रबर धरा, तेही सुक्या हातानं. टोपी हवेत मोकळी ठेवून किक मारू नका; ठिणगीला वाट मिळाली नाही की प्लगला जास्त व्होल्टेज देणाऱ्या कॉइलवर आणि सीडीआयवर ताण येतो. निळसर पांढरी, टच्च वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मध्येच चुकणारी ठिणगी बाहेर दिसली तरी दाबाखाली पेटत नाही. म्हणून "करंट तर येतोय" एवढ्यावर समाधान मानू नका.

करंट नसेल तर

पहिल्यांदा नवा प्लग लावून बघा. जुना बाहेरून साफ दिसला तरी आतल्या चिनी मातीला तडा गेलेला असू शकतो. गॅप 100 ते 150 सीसीच्या गाड्यांत साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटरच्या दरम्यान असतो; आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच ठेवा. गॅप कमी करायचा तर बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलकेच ठोका. मधल्याला हात लावू नका.

नव्या प्लगलाही करंट नाही, तर टोपी. कोल्हापूरच्या पावसात सगळ्यात जास्त इथंच अडतं. टोपीचं रबर वर्षांनी कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि गगनबावड्याच्या बाजूनं भिजत आलेल्या गाडीत पाणी आत शिरतं. करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी ओल्या चिरेतून इंजिनला उतरतो. अंधारात किक मारली तर टोपीच्या बाजूला ठिणगी उडताना दिसते. टोपी फिरवून वायरीतून बाहेर काढा, आतून सुकवा. वायरीचं टोक हिरवट झालं असेल तर 5 मिलिमीटर कापून टाका आणि टोपी परत फिरवून घट्ट बसवा. चिरलेली टोपी मात्र बदलाच. टेप गुंडाळून ती पुढच्या सरीपर्यंतच टिकते. नवी टोपी किरकोळ किमतीत मिळते. वॉशिंग सेंटरला गाडी धुताना प्रेशरची नळी प्लग, कॉइल आणि कार्बोरेटरवर मारू देऊ नका. धुतल्यानंतर न लागणाऱ्या गाड्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

टोपीही चांगली, तरी करंट नाही. मग किल स्विच आणि चावीच्या स्विचमधलं पाणी. एसी सीडीआयच्या जुन्या गाड्यांत हे स्विच वायर अर्थ करून इंजिन बंद करतात. आत ओल शिरली की चावी चालू असूनही वायर अर्थच राहते. होंडा घराण्याच्या गाड्यांत ही वायर काळी-पांढरी असते. सीडीआयकडं जाणाऱ्या तिच्या जोडाला सोडवून करंट बघा. आला, तर दोष स्विचमध्ये, सीडीआयमध्ये नाही. ही तपासणी केल्याशिवाय नवा सीडीआय विकत घेऊ नका. परीक्षा झाली की वायर परत जोडा, नाहीतर चालू झालेली गाडी चावीनं बंद होणार नाही.

यापुढं ठिणगीची वेळ कळवणारी पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल आणि सीडीआय उरतात. टाकीखालचे, सीटखालचे सगळे कनेक्टर एकेक करून उघडा, सुकवा, परत दाबून बसवा. निम्म्या "गेलेल्या सीडीआय" इथंच जिवंत होतात. पल्सर कॉइलचा रेझिस्टन्स मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटलीय. सीडीआय घरी मोजता येत नाही. मेस्त्रीकडचा चालू सीडीआय पाच मिनिटं लावून बघणं हीच खरी परीक्षा.

करंट आहे, प्लग कोरडा आहे

कार्बोरेटरच्या तळाशी, वाटीला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरा, कॉक चालू करून स्क्रू दोन फेरे सैल करा. आसपास विडी, उदबत्ती, चूल काही नको. आधी वाटीतलं पेट्रोल येईल, मग धार चालू राहिली पाहिजे. धार तुटली तर पेट्रोल वाटीपर्यंत येत नाही: कॉकची जाळी, नळीतला कचरा किंवा वाटी भरली की पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई अडकलेली. कार्बोरेटरच्या वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन हलके ठोके दिले की अडकलेली सुई बऱ्याचदा सुटते.

बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे गोळे दिसले तर ते पाणी. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने जे इथेनॉल तयार करतात, तेच आता पेट्रोलमध्ये मिसळून येतं, आणि इथेनॉल पाणी ओढून धरतं. थोडं पाणी ते विरघळवून घेतं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिनला नेमकं तेच आधी मिळतं. अशा वेळी वरून ताजं पेट्रोल घालून भागत नाही. टाकी आणि वाटी पूर्ण रिकामी करा. झाकणाचं रबर चपटं झालं असेल तर बदला, पावसाचं पाणी तिथूनच जातं.

धार चांगली, पेट्रोल स्वच्छ, तरी गाडी फक्त चोकवर लागते आणि चोक सोडला की बंद पडते? स्लो जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी, तुंबलीय. चालू होताना आणि आयडलिंगला इंजिन या एकाच जेटवर जगतं, म्हणून मेन जेट स्वच्छ असला तरी गाडी लागत नाही. दोन-तीन महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि चिकट राळ मागं राहते, ती पहिल्यांदा याच बारीक छिद्रात बसते. वाटीचे स्क्रू काढा, जेट बरोबर बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनं सोडवा, कार्ब क्लीनर मारा आणि हवा द्या. जेट आकाशाकडं धरला की आरपार गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर अजून कचरा आहे. सुई किंवा पिन घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि मग गाडी कायम पेट्रोल खाते. लागलंच तर मऊ वायरीतला एकच तांब्याचा तंतू वापरा. एअर स्क्रू काढायचा असेल तर आधी पूर्ण आत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा आणि परत तेवढ्याच फेऱ्यांवर आणा.

प्लग ओलाचिंब असेल, म्हणजे फ्लड झालं असेल, तर कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर. ॲक्सिलेटर पूर्ण पिळून, किल स्विच बंद ठेवून दहा-बारा किका मारा. आतलं पेट्रोल उडून जाईल. सुका प्लग लावा आणि ॲक्सिलेटर न देता चालू करा. पुन्हा पुन्हा फ्लड होत असेल तर एअर फिल्टर काढून बघा. भिजलेला कागदी फिल्टर हवाच सोडत नाही. तो धुऊन वापरायची वस्तू नाही, बदलायची आहे.

इंजेक्शनची गाडी

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक निकष आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. इथं चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घुंइं आवाज आला पाहिजे, तो पंप. आवाज नाही तर फ्यूज, रिले, पंपाचा कनेक्टर या क्रमानं बघा. इंजिनचा पिवळा दिवा चावी लावल्यावर लागून चालू झाल्यावर विझतो. तो ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर लांब आणि आखूड लुकलुक मोजून लिहून ठेवा. तोच बिघाडाचा कोड आहे आणि मेस्त्रीचा तासभर वाचवतो. गाडी आडवी पडली असेल तर टिल्ट सेन्सर इंजिन तोडतो. सरळ उभी करून चावी बंद करा, थोडं थांबून परत चालू करा. पेट्रोलची नळी मात्र रस्त्यावर सोडू नका, तिच्यात दाब असतो. टाकी रोज तळाला जाईपर्यंत चालवण्याची सवयही सोडा. पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो.

करंट, पेट्रोल दोन्ही आहे, तरी नाही

किक हातानं दाबून बघा. नेहमीचा अडथळा न लागता ती सरळ खाली जात असेल तर दाब गेलाय. प्लगच्या छिद्रातून साधारण 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा, दोन-तीन किका मारून तेल पसरू द्या, मग प्लग लावून परत किक दाबा. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरचा बोअर झिजलाय. काही फरक नाही तर व्हॉल्व्ह गळतोय.

पण इंजिन खोलण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट बघा. टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब गळतो. अशी गाडी थंड असताना कशीबशी लागते आणि गरम झाल्यावर अडते. इंजिन पूर्ण थंड असताना, मॅग्नेटवरची टी खूण खिडकीच्या खुणेशी जुळवून, दोन्ही रॉकर हलके हलतात ना ते बघून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घाला. लहान गाड्यांत हा गॅप 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या आसपास असतो, इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. रिंगा, बोअर, व्हॉल्व्ह ग्राइंडिंगचं काम निघालंच तर कोल्हापुरातलं वर्कशॉपांचं उद्यमनगर जवळ आहे. फक्त बोअर करून आणताना नवा पिस्टन सोबत द्या, मापावरून नको.

पुरात बुडालेली गाडी

हे वेगळं लिहायला हवं, कारण इथं एक किकसुद्धा इंजिन मोडते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येता येता अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 ला शाहूपुरी कुंभार गल्लीपासून व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलं होतं. तुमच्या भागात पाणी येत असेल तर 39 ओलांडताच गाडी उंचावर न्या.

बुडालीच तर चावी लावू नका. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला आधी कळवा. बुडालेलं इंजिन चालू करून झालेलं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. बॅटरीचा निगेटिव्ह सोडा. चिखल सुकण्याआधी साध्या पाण्यानं धुवा. प्लग काढून, छिद्रावर फडकं धरून, किक हातानं सावकाश दाबा. पाणी बाहेर येईल. एक चमचा ऑइल सोडून पुन्हा पंधरा-वीस वेळा फिरवा. ऑइलचा ड्रेन बोल्ट उघडा. आधी पाणी, मग चहासारखं दुधाळ तेल निघालं तर पाणी आत गेलंय. एअर फिल्टर नवा घाला. टाकी, वाटी, सायलेन्सर रिकामे करा. सगळे कनेक्टर उघडून एक दिवस तरी सुकू द्या. इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, सुकून तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

नवं ऑइल घाला, 100 सीसीच्या गाडीला साधारण 1 लिटरच्या आत लागतं. नवा प्लग लावा, चालू करा, पाच ते दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा आणि तेच ऑइल परत काढा. अजून दुधाळ दिसलं तर तिसऱ्यांदा बदला. तेल स्वच्छ निघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, आणि काढण्याआधी दोन्ही चाकांचे ब्रेक ड्रम उघडून आतला गाळ पुसून घ्या.